कोरडी पुडी, ओली भिंत

हिंजवडीत फेज दोन मागे टाकून माणच्या बाजूला निघालं, की टेकडी कापून काढलेल्या एका रस्त्याच्या कडेला काळ्या दगडाची उभी दरड लागते. उन्हाळ्यात तिथे बघण्यासारखं काही नसतं. धूळ, गवताचे वाळके खुंट, आणि खडकाच्या भेगांमधून चिकटून बसलेल्या काळपट जांभळ्या सुरळ्या, जळक्या कागदाच्या कपच्या असाव्यात तशा. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की या सुरळ्या उलगडतात. काळी बाजू खडकाकडे जाते आणि वर येते ती फिकट, किंचित खडूचा हात फिरवल्यासारखी हिरवी पट्टी. करंगळीच्या नखाएवढी रुंद, टोकाशी दुभंगलेली, एकीवर एक चढलेली.

गेल्या पावसाळ्यात मी दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावून त्या दरडीला नाक टेकवून उभा होतो, तेव्हा शेजारच्या सोसायटीचे सुरक्षारक्षक काका आले. ‘‘सर, शेवाळ आहे ते, पाय घसरेल,’’ म्हणाले. काकांचं चुकलं नव्हतं. मराठीत जे जे हिरवं, ओलं आणि बुळबुळीत ते शेवाळ. विहिरीच्या पायऱ्यांवरचं शेवाळ, कौलावरचं शेवाळ, नळाखालचं शेवाळ. आणि १७५३ साली कार्ल लिनिअसनेही जवळजवळ हेच केलं होतं. त्याच्या ‘स्पीशीज प्लांटारम’मध्ये फुलं न येणाऱ्या वनस्पतींचा चोविसावा वर्ग आहे. त्यात मार्केन्शिया, रिक्सिया, टार्जिओनिया, युंगरमानिया या सगळ्या यकृतका त्याने पाण्यातल्या शैवलांच्या आणि दगडफुलांच्या रांगेत बसवल्या. अख्ख्या वनस्पतिसृष्टीला दोन शब्दांची नावं देणारा तो माणूस, पण या हिरव्या पट्ट्यांपुढे त्याचीही नजर आमच्या काकांपेक्षा फार पुढे गेली नव्हती.

यकृतका हा शब्द आपल्याकडे मराठी विश्वकोशाने रुळवला. मूळ लॅटिन नावातही यकृतच आहे. पट्टीचा आकार यकृताच्या पाळीसारखा दिसतो, तेव्हा यकृताच्या दुखण्यावर ती गुणकारी असणार, असं जुने युरोपीय वैद्य मानत. औषध म्हणून तो तर्क टिकला नाही, नाव टिकलं. काकांना मी दरडीवरची पट्टी उलटी करून दाखवली. खालच्या अंगाला जांभळ्या खवल्यांच्या दोन ओळी होत्या. प्रत्येक खवल्याला पुढे एक रुंद, गोलसर पदर लोंबत होता आणि कडेने ते पदर वरूनही डोकावत होते. मधून मुळांसारखे पांढरे तंतू. एका पट्टीच्या पाठीवरून, टोकाकडून नव्हे तर पाठीवरूनच, आखूड देठ निघालेला होता आणि त्यावर गाठीसारखं डोकं. एवढ्या खुणा हाती आल्यावर नाव सांगता येतं: प्लॅजिओकाझ्मा ॲपेंडिक्युलाटम. देठ पाठीवरून निघतो यावरून प्रजाती ठरली, आणि खवल्याच्या मोठ्या पदरावरून जाती. दुसऱ्या नावाचा अर्थच मुळी ‘पदर असलेली’.

इथे एक गोष्ट स्पष्ट करून ठेवतो, कारण वर्तमानपत्रं रोज तिचा घोटाळा करतात. ‘सह्याद्रीत बेडकाची नवी प्रजाती’ अशी बातमी येते तेव्हा बहुतेक वेळा सापडलेली असते ती नवी जाती. मराठी शास्त्रीय परिभाषेत प्रजाती म्हणजे मोठं घर आणि जाती म्हणजे त्या घरातलं एक माणूस. आंब्याच्या बाबतीत मँगिफेरा ही प्रजाती, इंडिका ही जाती. हापूस आणि पायरी हे त्या जातीच्याही आतले प्रकार. यकृतकांचा इतिहास समजून घ्यायचा तर हा फरक पक्का हवा, कारण भांडणं दोन्ही पायऱ्यांवर झाली आणि दोन्हीकडची भांडणं वेगळी होती. घर कुठलं, हा प्रश्न रचनेचा. माणूस कुठला, हा प्रश्न बारकाव्यांचा.

घरं आधी बांधली गेली, आणि ती इटलीत. फ्लॉरेन्सचा पिएर अँतोनिओ मिकेली हा पुस्तकविक्याच्या दुकानातून वनस्पतिशास्त्रात आलेला माणूस. १७२९ साली त्याने ‘नोव्हा प्लांटारम जेनेरा’ छापलं. रिक्सिया, टार्जिओनिया, ब्लासिया ही नावं त्याचीच. रिक्सिया हे रिची नावाच्या, टार्जिओनिया हे टार्जिओनी नावाच्या, आणि ब्लासिया हे एका साधूच्या नावावरून. मार्केन्शिया त्याच्याही आधीचं. फ्रान्सच्या झाँ मार्शाँने आपल्या वडिलांच्या, निकोला मार्शाँच्या, स्मरणार्थ ते ठेवलं होतं. मुळशी तालुक्यातल्या बांधावर आज पाऊस पडला की उगवणाऱ्या पट्ट्या अशा रीतीने फ्लॉरेन्स-पॅरिसच्या लोकांची आडनावं मिरवतात. मिकेलीला मात्र मी मनापासून मानतो. लिनिअसच्या चोवीस वर्षं आधी, साध्या भिंगाखाली बघून, या वनस्पतींची घरं त्याने रचनेवरून वेगळी केली. लिनिअसने त्यांतली काही घरं उचलली आणि चुकीच्या आळीत नेऊन ठेवली.

पुढच्या शंभर वर्षांत घरांना खोल्या निघाल्या. युंगरमानिया या एकाच नावाखाली कोंबलेल्या पानवाल्या यकृतका ज्युझेप्पे राद्दीने १८१८ साली फोडून वेगळ्या केल्या. बेल्जियमच्या दुमॉर्तिएने ते काम आणखी पुढे नेलं. १८३२ साली हॅम्बुर्गच्या लेहमन आणि त्याचा सहकारी लिंडेनबर्ग यांनी नेपाळहून आलेल्या वाळक्या नमुन्यांवरून आमच्या हिंजवडीच्या दरडीवरच्या पट्टीला नाव दिलं. त्याच वर्षी त्यांनी रिक्सिया डिस्कलरही नावारूपाला आणली. हे दुसरं नाव लक्षात असू द्यावं, पुढे लागणार आहे.

वाळके नमुने म्हणजे काय, तेही सांगायला हवं. झाडाची फांदी कागदावर चिकटवून ठेवतात. यकृतका तशा चिकटवत नाहीत. त्यांना कागदाच्या घडी घातलेल्या पुडीत ठेवतात, आपल्याकडे अंगारा बांधतात तशी, आणि पुडीवर ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. पाण्याचा थेंब टाकला तर शंभर वर्षांची वाळकी पट्टीही फुगून बरीचशी मूळ आकारात येते. सोय म्हणून ही गोष्ट अतिशय मोठी, आणि फसगतही तिथेच होते. कारण पुडीत काय उरत नाही याची यादी लांब आहे. यकृतकांच्या पेशींत तेलाचे सूक्ष्म गोळे असतात. त्यांची संख्या, आकार, रंग हे जात ओळखायला फार उपयोगी पडतात, पण वाळताना ते निघून जातात. पट्टीच्या पाठीवरच्या हवेच्या कप्प्यांच्या भिंती कोसळतात. काचेसारखे पारदर्शक देठ, जे एका रात्रीत वाढतात आणि दोन दिवसांत माना टाकतात, ते पुडीत पोचतच नाहीत. आणि वनस्पती कुठल्या महिन्यात काय करते, उन्हाळा कशी काढते, बीजुकं (स्पोअर) कधी पिकवते, ते पुडी सांगू शकत नाही.

या पुड्यांचा सम्राट म्हणजे लाइपझिगचा फ्रान्झ श्टेफानी. जगभरातून, मिशनऱ्यांकडून, सर्जनांकडून, जंगल अधिकाऱ्यांकडून पुड्या त्याच्याकडे जात. ‘स्पीशीज हेपॅटिकारम’ हा त्याचा ग्रंथ १८९८ ते १९२५ असा सत्तावीस वर्षं निघत राहिला, सहा खंडांत. चार हजारांवर नव्या जातींना त्याने नावं दिली. चित्रं तर दहा हजारांच्या घरात. आज त्याचा संग्रह जिनिव्हात आहे आणि कुठलाही अभ्यासक त्याला टाळून पुढे जाऊ शकत नाही. पण पुडी नव्या मुलखातून आली की जातही नवी, असा त्याचा कल होता. एकच वनस्पती नेपाळातून आली तर एक नाव, दुसऱ्या डोंगररांगेतून आली तर दुसरं. त्याची कितीतरी नावं पुढे जुन्या नावांत विलीन करावी लागली. त्याच्या कष्टांबद्दल मला आदर आहे, पण त्या पद्धतीत खोट होती, आणि ती खोट लाहोरात बसलेल्या एका माणसाने जगाला दाखवली. टीका करून नव्हे. डोंगरात जाऊन.

शिवराम कश्यप यांचा जन्म १८८२ सालचा, झेलमचा. आग्र्याच्या मेडिकल स्कूलमधून ते डॉक्टरकी शिकले. नोकरी करता करता वनस्पतिशास्त्राकडे वळले आणि लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात शिकवू लागले. १९१० साली केंब्रिजला गेले. तिथे ए. सी. सीवर्ड हे त्यांचे गुरू. १९१२ साली परत आले ते थेट पश्चिम हिमालयाकडे तोंड करून. त्यांनी काय केलं हे एका वाक्यात सांगायचं तर, ज्या वनस्पती युरोपला पुडीतून माहीत होत्या त्या त्यांनी जागेवर, जिवंत, वर्षभर पाहिल्या.

१९१४ आणि १९१५ साली ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’ या केंब्रिजच्या नियतकालिकात त्यांचे लेख येऊ लागले: पश्चिम हिमालयातल्या नव्या आणि अल्पपरिचित यकृतकांविषयी, त्यांच्या रचनेविषयी आणि राहणीविषयी. राहणी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. त्या लेखांत फक्त पेशी मोजलेल्या नाहीत. बर्फ पडण्याआधी पट्टीचं टोक जमिनीत कसं घुसतं, तिथे कंदासारखी गाठ कशी धरते, पट्टी कुजून जाते पण गाठ पुढच्या पावसाची वाट बघत मातीत कशी पडून राहते, हे त्यांत आहे. त्या एका वनस्पतीला त्यांनी सीवर्डिएला ट्यूबेरिफेरा म्हटलं. पहिलं नाव गुरूचं, दुसरं त्या कंदाचं. कोरड्या पुडीवरून काम करणाऱ्याला हे नाव सुचणं कठीण होतं. कंद मातीत राहतो, पुडीत वरची पट्टी येते. एचिसोनिएला आणि स्टीफन्सोनिएला या आणखी दोन प्रजाती त्याच काळातल्या. पहिली एचिसन या वनस्पती गोळा करणाऱ्या सर्जनच्या नावावर, दुसरी लाहोरच्या सहकारी प्राणिशास्त्रज्ञाच्या. जात नवी म्हणणं वेगळं आणि अख्खी प्रजाती नवी म्हणून जगापुढे उभं राहणं वेगळं. वसाहतीतल्या कॉलेजातला एक मास्तर युरोपच्या शास्त्राला सांगत होता, की तुमच्या घरांच्या यादीत ही घरं नाहीत.

त्याहून मोठी गोष्ट पुढे झाली. त्या काळी इंग्लंड-स्कॉटलंडात एक विचार प्रतिष्ठेत होता. ग्लासगोच्या एफ. ओ. बॉवर यांनी १९०८ च्या आपल्या ग्रंथात तो मांडला होता. रिक्सिया सगळ्यात साधी. तिला देठ नाही, डोकं नाही. तिची बीजुकं पट्टीच्या पोटातच पिकतात आणि पट्टी कुजली की मोकळी होतात. तिथून पायरी पायरीने रचना वाढत गेली आणि शेवटी छत्रीसारखी डोकी उभारणारी मार्केन्शिया आली. साध्याकडून गुंतागुंतीकडे. अगदी पटण्यासारखं. वर्गीकरणाची पुस्तकं त्याच क्रमाने लिहिली जात. माझ्या पिढीनेही रिक्सिया आधी आणि मार्केन्शिया नंतर असंच गिरवलं आहे.

कश्यपांनी क्रम उलटा करून वाचला. हिमालयातल्या त्यांच्या नव्या प्रजाती नेमक्या मधल्या पायऱ्यांवरच्या निघाल्या. कुणाचा देठ आखूड झालेला, कुणाचं डोकं नावापुरतं उरलेलं, कुणाच्या पाठीवरची छिद्रं साधी झालेली. ही चढण मानायची की उतार? कोरड्या, कडक हिवाळ्याच्या मुलखात थोडक्या पावसात आयुष्य उरकायचं तर देठ वाढवायला वेळ कुठला? त्यांनी १९१९ च्या सुमारास ठामपणे मांडलं, की उतार आहे. रिक्सिया ही सुरुवात नसून शेवट आहे. तिच्या पूर्वजांकडे देठ होता, डोकं होतं. तिने ते टाकून दिलं. म्युनिकचे गोबेलही अशाच दिशेने विचार करत होते, पण कश्यपांच्या हातात जिवंत पुरावा होता.

१९२९ साली पंजाब विद्यापीठाने त्यांचा पश्चिम हिमालय आणि पंजाबच्या मैदानातल्या यकृतकांवरचा ग्रंथ काढला. दुसरा भाग १९३२ साली, शिष्य रामसरन चोपडा यांच्यासह. त्याच वर्षी ते इंडियन सायन्स काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९३४ च्या नोव्हेंबरमध्ये गेले, जेमतेम बावन्न वर्षांचे.

या सगळ्यात मुंबई इलाखा कुठे होता? खरं सांगायचं तर मागे होता, आणि त्याचं मला वाईट वाटतं. पावसाळ्यात लोणावळा-खंडाळ्याच्या घाटात एकाही दगडाची काळी पाठ दिसत नाही, सगळं हिरवं. आणि तरी या मुलखाच्या यकृतकांना कश्यपांसारखा माणूस वेळेवर मिळाला नाही. इथे जे काम झालं ते आधी हरितांवर, म्हणजे खऱ्या अर्थाने ज्यांना मॉस म्हणतात त्यांच्यावर. एल. जे. सेजविक हे सनदी अधिकारी. १९२१ ची मुंबई इलाख्याची जनगणना त्यांनीच केली. माणसं मोजणाऱ्या या अधिकाऱ्याने फिरतीवर असताना घाटांतून आणि कारवारच्या जंगलांतून वनस्पती गोळा केल्या. इलाख्यातल्या हरितांच्या पुड्या इंग्लंडात नॉर्थॅम्प्टनला एच. एन. डिक्सन यांच्याकडे नावासाठी जात. सेजविक १९२५ साली गेले. सेंट झेविअर्स कॉलेजातले स्विस जेझुइट एथेलबर्ट ब्लॅटर यांनी १९२९ साली इलाख्यातल्या हरितांची यादी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली. तेही कश्यपांप्रमाणे १९३४ सालीच वारले. नाव मात्र अजून परदेशात ठरत होतं. पुडी इथून जाई, नाव तिकडून येई.

ती वहिवाट मोडली ती आपल्याच कॉलेजांतल्या प्राध्यापकांनी. ए. आर. चव्हाण यांनी पश्चिम भारतातल्या यकृतकांवर टिपणं प्रसिद्ध केली. आणि त्र्यंबक शंकर महाबळे. पुढे पुणे विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग उभा करणारे, ताडवृक्षांवरच्या आणि दख्खनच्या दगडातल्या अश्मीभूत वनस्पतींवरच्या कामासाठी ओळखले जाणारे महाबळे, हे तरुणपणी यकृतकांत रमलेले होते हे आता फारसं कुणाला आठवत नाही. १९४५ साली महाबळे आणि भाटे यांनी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात फिंब्रिआरिया अंगुस्टा या यकृतकेची रचना आणि जीवनक्रम प्रसिद्ध केला. शीर्षकातला जीवनक्रम हा शब्द महत्त्वाचा. फिंब्रिआरिया अंगुस्टा हे नाव श्टेफानीचं, म्हणजे पुडीवरून दिलेलं. इथे ती वनस्पती बीजुकापासून बीजुकापर्यंत, एकेक अवस्था कापून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली बघितली गेली. पुडीला आयुष्य जोडलं गेलं.

ही वनस्पती मी सिंहगडाच्या वाटेवर एकदा पाहिली आहे, म्हणजे तिच्या प्रजातीतली. छत्रीच्या खालून पांढरी झालर लोंबते, बाळंतविड्यातल्या टोपड्याला लावतात तशी, चिरा चिरा असलेली. फिंब्रिआरिया म्हणजे झालरवाली. इतकं चपखल नाव, आणि तरी ते टिकलं नाही! फ्रान्सच्या पालिसो द बोव्हाने १८०५ सालीच या प्रजातीला ॲस्टेरेला म्हटलं होतं. फिंब्रिआरिया हे नाव १८२० चं. नामकरणाचा नियम ज्येष्ठतेचा आहे, चपखलपणाचा नाही. यकृतकांच्या बाबतीत तो १ मे १७५३ पासून मोजतात, लिनिअसच्या पुस्तकाच्या दिवसापासून. पुढे लखनऊच्या श्रीकृष्ण पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जाती ॲस्टेरेलात नेली. महाबळ्यांचा शोधनिबंध आजही जुन्या नावानेच वाचावा लागतो.

लखनऊ हे यानंतरच्या कथेचं मुख्य ठाणं. पांडे आणि त्यांचे शिष्य राम उदार यांनी १९५७-५८ मध्ये भारतातल्या रिक्सियाचा क्रमवार आढावा घेतला. हे काम किती किचकट होतं ते रिक्सिया हातात घेतल्याशिवाय कळत नाही. मातीवर रुपयाच्या नाण्याएवढं हिरवं फूल पडल्यासारखं दिसतं. प्रत्येक पाकळीच्या मधोमध पन्हळीसारखी रेघ. पन्हळ खोल की उथळ, कडा हिरव्या की जांभळ्या, खवले टिकतात की गळतात, नर-मादी एकाच पट्टीवर की वेगळ्या, एवढं सगळं बघूनही दोन जाती सारख्याच दिसतात. निकाल बीजुकांवर लागतो. एका बीजुकाचा व्यास मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. त्याच्या पाठीवर जाळी असते, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, आणि पाठीवर आडव्या ओळीत किती घरं मावतात ते मोजायचं. कडेला पंखासारखी किनार आहे का, ती अखंड आहे की दातेरी, ते बघायचं. अशा मोजमापांतून काही जाती उभ्या राहिल्या आणि काही पडल्या. श्टेफानीच्या नावावरची रिक्सिया हिमालयेन्सिस, जी एक अख्खी पिढी परीक्षेत लिहीत आली, ती पडलेल्यांतली. तिला १८३२ च्या त्या हॅम्बुर्गी नावात, रिक्सिया डिस्कलरमध्ये, विलीन करण्यात आलं.

नवी जाती जाहीर करण्याचे नियमही याच काळात कडक झाले. १९३५ पासून २०११ च्या अखेरीपर्यंत नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये देणं बंधनकारक होतं. १९५८ पासून मूळ नमुना कुठला, आणि १९९० पासून तो कुठे ठेवला आहे, हेही सांगितल्याशिवाय नाव ग्राह्य धरत नाहीत. म्हणजे पुडीचं राज्य संपलं नाही, आणि संपूही नये. कश्यपांनी काय पाहिलं हे तपासायचं तर पुडीच उघडावी लागते. फक्त तिच्यासोबत डोंगरावरची टिपणवही आली. महाराष्ट्रात १९५५ च्या डिसेंबरात बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात सुरू झालं आणि वनस्पतींचे नमुने ठेवायला हक्काची जागा झाली. जी. टी. दाभाडे यांचा खंडाळा आणि महाबळेश्वरच्या हरितांवरचा ग्रंथ १९९८ साली ठाण्यातून निघाला. त्या ग्रंथाच्या जोडीला यकृतकांचा तसाच ग्रंथ आपल्या घाटासाठी असायला हवा होता, असं मला दर पावसाळ्यात वाटतं.

आणि मग पेशीतल्या डीएनएचं वाचन आलं. गेल्या तीसेक वर्षांत यकृतकांचं वंशझाड नव्याने लावलं गेलं. काही घरं पाडली: प्रेइसिया आणि बुसेजिया या प्रजाती २०१६ मध्ये मार्केन्शियात सामावल्या. त्याच साली जगभरच्या यकृतका आणि शृंगकांची एकत्र यादी छापली गेली: ९२ कुलं, ३९८ प्रजाती, ७,४८६ जाती. शृंगका (हॉर्नवर्ट), ज्यांना मिकेली-लिनिअसच्या काळापासून यकृतकांच्या पंगतीला बसवलं होतं, त्यांचा विभागच आता वेगळा. या नव्या झाडात रिक्सिया कुठे बसली? बुंध्याशी नाही. दूर वर, फांदीच्या शेंड्याकडे, देठ आणि डोकी असलेल्या नातेवाइकांच्या मधोमध. तिच्या पूर्वजांकडे जे होतं ते तिने टाकून दिलं होतं. लाहोरचा डॉक्टर भिंगाखाली बघून जे म्हणाला, ते शंभर वर्षांनी यंत्रांनी वाचून काढलं. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

हिंजवडीत आता भाताची खाचरं थोडी उरली आहेत. काचेच्या इमारतींच्या मागच्या अंगाला, माण-मारुंजीकडे, अजून काही बांध आहेत. ऑगस्टमध्ये अशाच एका बांधावर मला रिक्सियाचे गोल गोल ठसे मिळाले, ओल्या मातीत दाबून बसवल्यासारखे. एक ठसा खालच्या मातीसकट सुरीने उचलला. पन्हळ खोल होती, कडा जांभळट. घरी येऊन पात्याने आडवा काप घेतला. पोटात गोल पिशवी दिसली, पण आतली बीजुकं अजून कच्ची होती, फिकट, चारचारांच्या गठ्ठ्यांत चिकटलेली, जाळी न उमटलेली. पांढऱ्या कागदाची पुडी केली. वर लिहिलं: भाताचा बांध, हिंजवडी, तालुका मुळशी, ऑगस्ट. खाली लिहिलं ‘रिक्सिया’, आणि त्यापुढे एका शब्दाची जागा सोडली. उरलेले ठसे बांधावरच ठेवले आहेत. शेतकरी दादांना सांगून आलो आहे, की दसऱ्याच्या आधी, बीजुकं काळी झाली की, परत येतो. तोवर त्या टोकाला खुरपं लावू नका. ते म्हणाले, ‘‘राहू द्या की, शेवाळ काय खातंय होय?’’